ड्रम वाजेनात

प्रिय धाकट्या,

आईचे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला? मला मागे ठेवून तुम्ही तिघंही वर गेलात, म्हणून सगळ्यांची चौकशी तुझ्याकडेच.

आज दुकानात दुरुस्त केलेला स्पीकर तपासायला एका मुलीनं तुझ्या त्या किंचाळ्या रॉकवाल्याचा नवा अल्बम लावला. आवाज पार थकलाय रे त्याचा. तुझं लाडकं जुनं गाणंही त्यात त्यानं पुन्हा गायलंय; ते लागलं, पण ड्रम वाजेनात. मी घाईघाईनं स्पीकर पुन्हा उघडायला घेतला, तर ती हसली, "अहो काका, स्पीकर ठणठणीत आहे. बँड कधीच मोडला. आता म्हातारा एकटाच गातो."

जेवताना तू ताटावर बोटांनी ठेका धरायचास, तसाच मी आज टेबलावर धरून पाहिला. चुकला. कसा होता, तेवढं लवकर कळव.

तुझा,
दादा