भाऊजींना माझ्या एम.ए.ची काळजी

शुक्रवार, १८ जुलै. संध्याकाळ

आज दुपारी बिडकीनहून संजयभाऊजी आले होते. आमचे हे फौजेत असताना वारले, तेव्हापासून या दिरानं साधा फोनही केला नव्हता. आज एकदम पेढे घेऊन दारात, आणि हाक काय तर "वहिनीसाहेब"! आजवर नुसतं वहिनीसुद्धा धड म्हटलं नाही.

"तुम्ही एम.ए. करा. जवानाच्या विधवेला शिकायला सरकार मदत देतं. सैनिक कल्याण कार्यालयात मीच येतो संगं."

एम.ए.चं माझ्या मनात कितीदा आलं होतं. अशी मदत मिळते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भाऊजींना आजच कसं आठवलं? आणि ते वहिनीसाहेब! चहा देतानाही मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते.

शेवटी विचारलंच, "भाऊजी, खरं बोला. मनात काय आहे?"

कपात बघत म्हणाले, "तुम्ही शिकल्या, नोकरी लागली, मग शेतातला वाटा कशाला पाहिजे तुम्हाला? कंपन्या आल्यात, जमिनीला लई भाव आलाय. एक सही करून टाका."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. मग मदतीची गोष्टही थापच असेल? ते बसलेले असतानाच कार्यालयात फोन लावला. ती खरी निघाली. सोमवारी या म्हणाले.

भाऊजी खुलले. "मग येऊ ना सोमवारी?"

"नको. माझी मी जाईन. एम.ए. करीन, आणि वाटाही सोडणार नाय."

ते गेल्यावर सोमवारसाठी सगळे कागद पिशवीत काढून ठेवले. आज बोलले मी.