दुसरी चाकोरी

आबा, तुम्ही सांगायचा ती चिंच आता तिथं नाही. कालवा जिथं संपतो तिथं, पाणी सोडायच्या शेवटच्या दाराशी, नुसता बुंधा उरलाय. त्यावर कोणी तरी रोज कळशी टेकवत असावं, मधोमध गोल ओला डाग पडलाय. हे ऐकीव नाही. मी स्वतः बघून आलो, सायकलवर, बारामतीपासून कालव्याच्या भरावावरून थेट टेलपर्यंत, कालव्याच्या शेपटापर्यंत. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि मी आत्ता पोचतोय.

हे कसं झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरले. डॉक्टर म्हणाला, सायकल चालवा. मला हसू आलं. जिच्यावरून उतरायला निम्मा जन्म घातला तिच्यावरच परत बसायचं. पण तुमची सून गेल्यापासून सकाळ लई लांब झालीय. चहा एकट्याचा, मुलगा पुण्यात, दुकान माणसं सांभाळतात, मी जाऊन नुसता खुर्चीत बसतो. म्हणून सायकल घेतली. डांबरी रस्त्याला सोय नाही, कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी लावून येतात, बाजूला कोण आहे ते चालवणाऱ्याला दिसतही नाही आणि ऐकूही जात नाही. मग मी आपोआप कालव्यावर वळलो. तिथं खंड्या, पाण्यातून डोकं काढलेली म्हैस, आणि लांबून एखाद्या मोटरीचा आवाज. मोटरीचा आवाज आला की मी अजून थांबतो. बेरिंग गेलंय का नुसतं पाणी तुटलंय, ते भरावावरूनच कळतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून रोग सांगायचा, याच्यावर माझं दुकान उभं राहिलं. लोक म्हणतात याचा कान देवानं दिलाय. देवानं कसला? तुम्ही कालव्याच्या दाराच्या लोखंडावर हात ठेवून नुसतं ऐकायचा आणि सांगायचा, खाली कुणी तरी दगड घालून पाणी वळवलंय.

तर, पुण्याची सायकलवाली मंडळी रविवारी इकडं यायला लागली. हेल्मेटं, घट्ट कपडे. हवा भरायला म्हणून एकदा दुकानाशी थांबली, पण त्यांच्या ट्यूबला आपली वालट्यूब, हवा अडवणारी ती रबरी नळी, नसते, वेगळंच काही तरी बारीक असतं, पंपाचं तोंड बसेना. तेवढ्यात ओळख झाली. म्हणाले, काका, गाड्या नसलेला रस्ता सांगा, दिवसभराचा. मी म्हटलं, सांगतो की. हातानं नकाशा काढून दिला. बारामतीतून भरावावर कुठं चढायचं, कुठल्या पुलाखालून चिखल टाळायचा, चहा कुठं बरा, निमगावच्या पानमळ्यांशी सावली कशी, आणि इंदापूरच्या अंगाला शेवटच्या दाराशी ‘चिंचेची गार सावली, पिण्याचं पाणी मिळेल’. त्यांनी त्याचा फोटो काढून शंभर जणांना पाठवला. खरं सांगायचं तर लासुर्ण्याच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो. पुढचं सगळं तुम्ही जेवताना सांगायचा त्यातलं होतं. ऐकलेलं मी विसरत नाही, एवढ्याच जोरावर लिहून दिलं.

मागच्या महिन्यात त्यांच्यातली एक बाई परत दुकानात आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण बोलायला साधी. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, काका, चिंच सापडली नाही, पाणीही नव्हतं, आमच्यातल्या एकीला उन्हानं चक्कर आली. मग विचारलं, “तुम्ही स्वतः कधी गेला होतात तिथं?” मी म्हटलं, उन्हाळ्यात. तिनं मान डोलावली. आबा, मला माणसाच्या मान डोलावण्याचाही आवाज येतो. तिनं विश्वास ठेवलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पहिल्यांदाच ते बघत बघत गेलो जे तुम्ही नोकरी म्हणून बघायचा. तुम्ही पाटकरी. दारं उघडायची, लावायची, कुणाच्या रानात किती वेळ पाणी गेलं ते बघायचं, आणि त्यासाठी भराव तुडवायचा. मला तेव्हा त्याची लाज वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं का नव्हतं, मला कधी कळलं नाही. मी नुकताच मोटरींच्या वाइंडिंगच्या दुकानात लागलेलो. समोर चहाच्या टपरीवर पोरं बसायची, तुम्ही दिसलात की म्हणायची, आली पाटकऱ्याची सायकल, म्हागं कोंबडी हाय का बघा रं. पाण्यासाठी पाटकऱ्याला कोंबडी द्यावी लागते, असा तो टोमणा. तुमच्या कॅरेजला उभ्या जन्मात कोंबडी लटकली नाही. पण मी उठून तसं बोललो नाही. मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसलो.

आणि तुमचं एकच मागणं. वर्षातून दोन-तीनदा तरी म्हणायचा, येक डाव टेलपर्यंत चल माझ्यासंगं. मी म्हणायचो, तिथं काय ठेवलंय? तुम्ही हसायचा. एकदाच कारण सांगितलंत, तेही भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता. “जीपच्या चाकानं भरावावर दोन चाकोऱ्या पडल्यात. येकीनं मी जातो. दुसरी मोकळीच आसती की.”

त्या दिवशी मी हो म्हटलं होतं. मला स्वच्छ दिसतंय, तुम्ही चुलीपुढं बसलाय, आई गेल्यापासून भाकरी तुमच्याच हातची, फडक्यात दोघांच्या बांधताय, ठेचा वेगळ्या पानात. धाकटी सायकल तुम्ही आदल्या दिवशी पुसून, तेल देऊन दारात लावलेली. आणि बघतो तर मागचं चाक बसलेलं. तुम्ही बादलीत पाणी घेऊन ट्यूब तळहातानं फिरवत फिरवत बुडवली. एक बुडबुडा नाही. पुन्हा बुडवली. मग म्हणालात, वालट्यूब सडली आसंल, संध्याकाळी टाकू नवी. पाण्याची पाळी थांबणार नव्हती. तुम्ही एकटेच निघालात, दोघांची भाकरी घेऊन. संध्याकाळी माझ्या वाटणीची तशीच परत आणलीत आणि दुधात कुस्करून खाल्लीत. त्यानंतर परत कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

टेलला बघायला काही नाही, आबा. एवढा मोठा कालवा, बारामतीत पुलावरून बघितला तर दरारा वाटतो, तो तिथं जाऊन मक्याच्या रानात एका सिमेंटच्या नळीत शिरतो आणि संपतो. मी बुंध्यावर बसलो. मक्यातून एक म्हातारा आला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कानाला फडकं गुंडाळलेला. कोणाचा कोण विचारलं. तुमची खूण सांगितली, सायकल, खाकी टोपी, पुढच्या दातांतली फट. म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, बाकीचे निम्म्यातनं म्हागारी फिरायचे, टेलला पानी पोचलं म्हणून हितं न येताच लिहायचे. त्यो तेवढा यायचा. मग हसायला लागला, दात नसलेलं हसू.

“दर खेपंला म्हनायचा, म्होरल्या टायमाला पोराला आनतो. आमी म्हनायचो, आरं, पोरगं हाय का न्हाय खरं? का उगं सांगतूस?”

मी म्हटलं, मीच तो. म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझे पांढरे केस, माझी महागाची सायकल. म्हणाला, “लई उशीर केलास, बाबा.” आणि घरातून पाणी आणून दिलं. चिंच म्हणे भराव रुंद केला तेव्हा काढली. पाणी गोड होतं, तुम्ही सांगायचा तसंच. तेवढं एक मी खोटं लिहिलं नव्हतं.

परतताना ऊन कलतं होतं. निमगाव मागं पडलं, लासुर्णं आलं, आणि मग ध्यानात आलं की मी अख्खा रस्ता डाव्या चाकोरीनं चालवतोय. मधे गवताची पट्टी, उजवी मोकळी. दोन वर्षं रोज मी असाच चालवत आलोय. कुणी शिकवलं नव्हतं. ती पुण्याची मंडळी बरोबर असली तरी ती तरणी, पुढं निघून जातात, आणि उजवीकडं कोणी नसतंच. ओळखीच्या पुलाशी मी मुद्दाम उजव्या चाकोरीत गेलो. थोडं अंतर चालवलं. जमेना. परत डावीत आलो.

घरी येऊन नकाशा दुरुस्त केला. ‘चिंच नाही. पाणी सोबत घ्या, नसेल तर मक्यातल्या घरी मागा, देतात. भराव दोघांना शेजारी शेजारी पुरतो.’ त्या बाईला फोन करून सांगितलं, मागं मी खोटं बोललो होतो, मी गेलोच नव्हतो, आता जाऊन आलोय. ती म्हणाली, एवढं काय त्यात, काका. तिच्याशी बोलणं सोपं होतं, म्हणून आधी तिला सांगितलं.

तुम्हाला सांगायचं ते शेवटाला ठेवलंय. हा कागद कुठं धाडायचा नाही, त्या धाकट्या सायकलच्या सीटखाली घडी करून ठेवीन. ती अजून आहे, माळ्यावर. आबा, त्या दिवशी वालट्यूब सडली नव्हती. मीच टोपण सैल करून हवा सोडली होती. टपरीवरची पोरं बघतील म्हणून. तुम्ही आत चुलीपाशी होता, मधे नुसतं कुडाचं दार. तुमचा कान कसा होता ते मला माहीत आहे, आणि हवा जायला चांगला वेळ लागला होता.