कापशीला सोबत

प्रिय ताई,

तुला न विचारता मी एक गोष्ट केली आहे. काका ती आपल्या पद्धतीनं सौंसरभर सांगतील, त्याआधी माझ्याकडून ऐक. तुझ्या कापशीसाठी मी दुसरी एक ससुली आणली.

तू गेल्यावर कापशीला मी पांढुर्ण्याला घेऊन आले. पिंजऱ्यात तुझं सुती पातळ अंथरलं. तरी तिनं खाणंच टाकलं. मेथी तशीच, गाजर तसंच, तोंड सदा भिंतीकडे! सिरिंजनं पातळ खाणं भरवून तिला कशीबशी जगवली. डॉक्टर म्हणाले, "असं फार दिवस चालणार नाही. बाईंच्या मागे ती एकटी पडली आहे. तिच्या जातीचं कुणीतरी आणा."

किती सहज बोलले ते! आणि ऐकणारी कोण, तर मी! एकटं राहणारी बाई अपुरी नसते, हे मी आयुष्यभर व्यासपीठावरून ठणकावून सांगत आले. सांगताना दर वेळी डोळ्यांसमोर तू असायचीस.

बातमी काकांपर्यंत पोहोचलीच. ऐंशीच्या घरातला हा आपला काका संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि ती खाली ठेवायच्या आधीच सुरू झाला.

"काहून वं विजे, जिनगीभर माइकवर सांगत फिरली का बाईले जोडी लागतच नाई. आता सशाले जोडी पाहून राहिली?"

"जोडी नाही काका, सोबत पाहून राहिली."

"मंग एकच झालं ना वं!"

"एकच असतं तर ताईला तुमच्याशी इतकं भांडावं लागलं नसतं."

"पाय, कशी बोलते! नर तरी आन. पिल्लं होतीन."

"तिनं मागितली का पिल्लं?"

ताई, तू एकटी कुठे होतीस गं? संध्याकाळी शाळेतल्या मुली तुझ्या ओट्यावर गणितं सोडवत बसायच्या. शेजारच्या रजनीबरोबर तू बसस्टँडवर चहाला जायचीस. कुठेही जायचं नसायचं, नागपूरच्या गाडीतून उतरणारी माणसं बघायची, एवढंच! ही सोबत नव्हती? तू ती स्वतः निवडलीस, म्हणून लोकांना दिसलीच नाही.

कापशीनं काय निवडलं? बाजारातल्या पिंजऱ्यातून तुझ्या घरी, तुझ्या घरातून माझ्या घरी. तिचं एकटेपण आपण तिच्यावर लादलेलं आहे. तुझ्या निर्णयाचं माप मी तिला लावायचं? आणि तिच्या उपासाचा दाखला देऊन काकांनी तुला हरवायचं? दोन्ही मला मान्य नाही.

एक राग मात्र आहे तुझ्यावर. छातीत दुखतं हे रजनीला सांगितलंस, मला का नाही? सौंसर किती लांब आहे पांढुर्ण्याहून? होते तशी धावत आले असते गं!

नवी आली ती भुरी, सौंसरच्याच एका घरातून. काकांनी पाहिली आणि म्हणाले, "टाक दोघींले एकाच पिंजऱ्यात. चार दिवस भांडतीन, मंग होते सवय."

हेच वाक्य! रामाकोन्याचं स्थळ आलं होतं, तू नको म्हणालीस, तेव्हाही काका हेच म्हणाले होते. तू हातातल्या पोह्यांच्या बशा खाली ठेवल्यास. "मला सवय करून घ्यायची नाही." नववीतली मी दाराआडून ओरडले, "तिला विचारा ना आधी!" तेच माझं पहिलं भाषण. पुढची सगळी भाषणं त्याचाच विस्तार.

म्हणून मी दोघींच्या मधे जाळी लावली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भेट घालायची ती दोघींच्याही नसलेल्या जागेत. काल वरच्या रिकाम्या खोलीत सोडलं. कापशीनं पाय आपटले, धावून गेली, भुरीच्या अंगावरचे केस उपटले. सोडवताना माझे हात ओरबाडले गेले. वाटलं, संपलं! आता कापशीसुद्धा जाणार.

आज सकाळी भुरी जाळीला टेकून झोपली होती. कापशी भिंतीकडून वळली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग मेथीची एक काडी ओढली आणि खाल्ली. सगळी! तू गेल्यापासून पहिल्यांदा तिनं आपल्या मनानं काही खाल्लं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि हे पत्र लिहायला बसले.

हा होकार आहे का? मला माहीत नाही. काकांना विचारलं तर म्हणतील, आहे.

तुला शब्द देते. जाळी निघेल ती कापशीच्या मर्जीनं. निघालीच नाही, तर दोघी दोन बाजूंना राहतील. भुरीलाही परत पाठवणार नाही. नकार मिळाला म्हणून कुणी टाकाऊ होत नाही. त्यांचं त्या ठरवेपर्यंत मी रोज दोन्हीकडे मेथी ठेवीन, जमिनीवर बसेन आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही. एवढं मी आजवर कुणासाठी केलेलं नाही, ताई.

तुझीच,
विजू