पडवीच्या फरशीची वाटणी

मी, येन ल्यान-शी, दिवंगत चुआंग त्येन-फू यांची पत्नी, वय एक्याऐंशी, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार तायनान शहर, मीठधक्का गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही, असे नोटरी फांग साहेबांनी सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. मुलाने प्रयत्न केला होता, ते पुढे येईलच. समुद्रदेवी माझू मातेच्या साक्षीने लिहिते की यापूर्वी मी तोंडी जे जे ज्याला ज्याला कबूल केले, ते सर्व रद्द समजावे. बरेचसे मी रागात कबूल केले होते.

१. घर. गल्लीतले विटांचे दुमजली घर, पुढच्या पडवीपासून मागच्या विहिरीपर्यंत, मुलगा रुई-तेंग आणि मुलगी रुई-यिन यांना निम्मे निम्मे द्यावे. विकायचे तर दोघांच्या सह्या लागतील. त्या दोघांचे रात्री भात की शेवया यावर आजवर एकमत झालेले नाही, तेव्हा घर सुरक्षित आहे.

रुई-तेंगला खाली कॉफीचे दुकान काढायचे आहे. म्हणतो, "आई, जुन्या घरांना आता भाव आलाय. लोक नुसते फोटो काढायला येतात."

मी म्हटले, "माळवद गळत होतं तेव्हा नाही रे कोणी आलं फोटो काढायला. मी एकटी परात धरून उभी होते."

दुकान काढावे, माझी हरकत नाही. मात्र पडवीत खुर्च्या, कुंड्या, पाट्या, स्कूटर यांतले काहीही ठेवू नये. पडवी घराची असली तरी तिच्यातली वाट गावाची आहे. माणसाने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोके न भिजवता जावे, म्हणून जुन्या लोकांनी प्रत्येक घराचा वरचा मजला पुढे काढून खाली वाट सोडली. कॉफी पिणाऱ्यांना पाय पसरता यावेत म्हणून नव्हे.

२. खिडकीची लोखंडी जाळी. हिच्यावर डोंगर आणि दोन बगळे आहेत. लोहाराने एक बगळा उलटा जोडला, तो मान खाली घालून उडतो. भंगारवाल्याला मी ही जाळी देऊ केली होती, तो घेईना. मग जुन्या गल्ल्या दुरुस्त करण्याच्या कामावर नेमलेल्या ओउ बाई आल्या. वय तिशीच्या आत, शिकलेल्या वास्तुरचनाकार. उलट्या बगळ्यापाशी उभ्या राहून त्यांचे डोळे भरून आले. "आमा, ही जाळी अमूल्य आहे हो! हिला हात लावू नका." (गल्लीतले सगळे मला आमा, म्हणजे आजी म्हणतात.) तेव्हा जाळी आहे तिथेच राहावी. दर नववर्षाला कोणीतरी ती पुसावी. बगळ्याच्या पंखात धूळ फार बसते.

३. किरकोळ. शिवणयंत्र रुई-यिनला. भाताचे विजेवरचे पातेले सूनबाईला. ते अजून उत्तम चालते, तरी तिने लपवून नवीन आणले आहे हे मला ठाऊक आहे. पोस्टातली शिल्लक, क्रियाकर्माचा खर्च वजा जाता, गल्लीतल्या माझू मंदिराच्या तेलाला द्यावी. क्रियाकर्मात बँड नको. माझे सोन्याचे कानातले धाकट्या जावेला मुळीच देऊ नये. कारण ती जाणते.

४. पडवीची फरशी. हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण हे कलम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या शेजारी ल्याओंचे घर. माझे पती आणि ल्याओ भावजी एका शाळेतले. एका पावसाळ्यात ल्याओंनी आपली पडवी एक वीट उंच केली, आणि सगळे पाणी आमच्याकडे आले. यांनी आमची दोन विटा उंच केली. ल्याओंनी पुन्हा उचलली, यांनी पुन्हा. पुढे पाऊस बाजूलाच राहिला, कोण कोणाकडे वरून बघतो एवढेच उरले. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. आम्ही बायका मात्र मागच्या भिंतीवरून मुळ्याच्या लोणच्याची बरणी इकडून तिकडे करत होतो. लढाई पुढच्या दारी होती, मागच्या दारी काही नव्हते.

जाताना यांनी माझा हात धरला. मला वाटले, आता तरी काही गोड बोलतील. म्हणाले, "ल्यान-शी, ही फरशी तू बोटभरही खाली घ्यायची नाहीस."

"नाही घेणार."

"असं नाही. उदबत्ती लावून म्हण."

उदबत्ती लावून, माझू मातेपुढे म्हटले.

आता ओउ बाईंनी गल्लीभर पडव्या एका पातळीत आणायला घेतल्या आहेत. वरचे थर काढले की खाली सगळीकडे सासऱ्यांच्या वेळच्या मूळच्या लाल विटा सापडतात, एकसारख्या, जशा एकाच हाताने बसवल्या. सर्वांनी सह्या दिल्या. ल्याओ भावजी झोपेत गेले, त्यांना बायकोला शपथ घ्यायला लावायची सवड मिळाली नाही, म्हणून ल्याओ वहिनींनीही सही दिली. त्यांची फरशी खाली गेली आणि आमची होती तिथेच राहिली. ओउ बाई म्हणाल्या, "आमा, तुमची पडवी आता नाटकाच्या रंगमंचासारखी दिसते."

ल्याओ वहिनी चौऱ्याऐंशीच्या, चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात. त्यांना वर चढता येत नाही, मला खाली उतरता येत नाही. रस्त्यावरून वळसा घालून येताना एका स्कूटरचा आरसा त्यांच्या कोपराला लागला, तेव्हापासून तेही बंद. मागची भिंत गाठणे दोघींनाही झेपत नाही. आम्ही आपापल्या पडवीत बसून ओरडून बोलतो. माझ्या पोटाच्या तक्रारी मासेवालीला पाठ झाल्या आहेत. आणि काम या महिनाअखेर आमच्या टोकाला संपणार. ज्याने सही दिली नाही त्याची पायरी कायमची राहणार.

रुई-तेंगला उचलून न्यायला लावून मी देवळात कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी एक पालथी, तर होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसला, प्रश्न नीट विचारा. "माते, मला शपथेतून मोकळं कर," म्हटले. माता हसली. म्हणजे नवराबायकोचे तुम्ही घरात मिटवा. घरी येऊन देवघरातल्या यांच्या नावाच्या पाटीपुढे कौल लावला. नकार. चहा ठेवला, पुन्हा लावला. नकार. यांना आवडायचे ते दुधमाशाचे कालवण ठेवले. कालवण ठेवूनही नकार! ते फुकट जाऊ नये म्हणून मी जेवले.

मग या मृत्युपत्रासाठी फांग साहेब आले. विचारू लागले, स्थावर काय, जंगम काय.

मी विचारले, "साहेब, फरशी कशात धरायची?"

"चिकटलेली आहे तोवर स्थावर. उचकटली की जंगम."

"म्हणजे उचकटून नेणाऱ्याला दान देता येईल?"

"येईल की. पण फुटक्या विटांचं दान घेतं कोण, आमा?"

मी ताबडतोब यांच्या पाटीपुढे गेले. म्हटले, "अहो ऐका. मी काही खाली घेत नाहीये. सासऱ्यांच्या विटा जागच्या जागी राहतील. वरच्या विटा तेवढ्या तुमच्या, त्या कुणाला द्यायच्या ते विचारते. ल्याओंना देऊ? तुम्ही मांडलेली एकूण एक वीट ल्याओंच्या घराने वाहून न्यायची, तीसुद्धा स्वतःच्या खर्चाने."

दोन्ही चंद्रकोरी उताण्या. हे हसले! हयातीत एवढे कधी हसले नव्हते. पुन्हा टाकल्या. होकार. आणखी एकदा, होकार. तिसऱ्यांदाही होकार, आणि नियमाप्रमाणे तीन पुरतात.

सबब, माझ्या पडवीतील मूळ लाल विटांच्या वर माझ्या पतींनी वेळोवेळी चढवलेल्या सर्व विटा, सिमेंट आणि हिरव्या फरश्या मी ल्याओ त्साई-युन वहिनींना देत आहे. मूळ विटांवर यापुढे कोणीही, कोणत्याही कारणाने, काहीही चढवू नये. पाणी आल्यास सुपलीने काढावे.

मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते, असे फांग साहेब म्हणाले. हे ऐकून ल्याओ वहिनी खालून ओरडल्या, "अगं ल्यान-शी, तोवर मी काय इथंच बसू? मी थोरली आहे, रांगेत नंबर माझा आधी!" म्हणून विटांचे वेगळे दानपत्र आजच करून त्यांच्या हाती दिले. हे कलम येथे ठेवले ते पुढे मुलांनी विटा परत मागू नयेत म्हणून.

साक्षीदार म्हणून ल्याओ वहिनींचे नाव नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. "फुटक्या विटा मिळाल्या आणि मान गेला," असे त्या म्हणाल्या, तेही नोंदवावे असा त्यांचा आग्रह पडला.

वरील सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे.

साक्षीदार: फांग वेन-पिन, नोटरी. ओउ यू-त्सेन, वास्तुरचनाकार.

ठिकाण: मीठधक्का गल्ली, तायनान. प्रजासत्ताक सन ११३ (इ. स. २०२४), चांद्र तिसरा महिना, सोळावी तिथी.

सही: येन ल्यान-शी

ता. क. सही वाकडी आली आहे, यावरून कोणी माझ्या प्रकृतीबद्दल शंका काढू नये. ल्याओ वहिनींनी माणसे लावली आहेत, बाहेर फरशी फुटते आहे, आणि टेबल हलते आहे.