स्टॅम्पपेपर आणि सातशे रुपयांच्या नोट्स

मी, सुभद्रा विठ्ठल तांडेल, वय चौसष्ट, राहणार देवबाग, निवृत्त लिपिक व एलएल.बी. (द्वितीय श्रेणी), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. देवबागचे घर, पाहुण्यांच्या दोन खोल्यांसह, मी माझ्या फंडातून बांधले. ते माझा दिवंगत भाऊ भाई याची मुलगी संचिता हिला मिळावे.

२. बँकेतील ठेव संचिता व तिचा भाऊ बाळा यांनी निम्मी निम्मी घ्यावी. बाळाने त्यातून मोटारसायकल घेऊ नये. घेणारच, पण मी बजावले नाही असे नको.

३. कायद्याची पुस्तके संचिताला. काहींवरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही, त्यावरून हसू नये. निवृत्तीनंतर मी कायद्याला गेले, तेव्हा वर्गातला ओमकार म्हणाला, "ताईनू, पुस्तका कित्याक वाचतास? सगळ्यांनी पैशे काडून नोट्स घेतले, तुमीय येवा." मी सातशे रुपये दिले आणि पास झाले, हे नाकारत नाही. ओमकार आता ओरोसला वकिली करतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. फी मागितल्यास आधी ते सातशे वळते करावेत.

४. त्या नोट्समध्ये लिहिले होते की मृत्युपत्र स्टॅम्पपेपरवरच हवे. चार वर्षांपूर्वी भाई आजारी पडला. पर्यटकांना खाडीत फिरवायची होडी त्याला संचिताला द्यायची होती. बाळाला पाण्यात पाय ठेवला की मळमळते, होडी तीच चालवायची. भाई म्हणाला, "वहीचो कागद घे गो, मी सही करतंय." मी शहाणी. म्हटले, "थांब, स्टॅम्पपेपर हाडतंय." एसटीने ओरोस गाठले. परत आले तर अंगणात माणसे जमली होती.

पुढे होडी विकली गेली आणि वाटण्या झाल्या. साधा कागद, भाईची सही आणि दोन साक्षीदार, एवढे पुरले असते. हे त्या न उघडलेल्या पुस्तकात होते. परीक्षा झाल्यावर उघडले, तेव्हा कळले. मी कोणालाही बोलले नाही. संचिता नशिबाला बोल लावत राहिली आणि मी ऐकत राहिले.

५. संचिता आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने विकतच्या नोट्स घेतल्यास घर मिळू नये, अशी अट मी कच्च्या मसुद्यात घातली होती. ती इथे गाळली आहे. कारण आज सकाळी मसुदा तिच्या हाती दिला. तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"आत्ये, स्टॅम्पपेपर लागणा नाय, ह्या माका म्हायत आसा. पयल्या वर्षाकच वाचलंय."

"खंय वाचलंस?"

"नोट्सात. पाचशे रुपये दिलंय."

मग विचारले, "मगे बोलाक नाय कित्या?"

"तू कधी सांगतंस, त्याची वाट बघी होतंय." तिने मसुदा माझ्यापुढे ठेवला. "आता सारख्या करून लिव. मी शेजाऱ्यांका हाक मारतंय."

सही: सुभद्रा विठ्ठल तांडेल

सुभद्राताईंनी आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली:
१. जानकी मेथर, शेजारीण
२. दाजी केळुसकर, शेजारी

देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
१८ जानेवारी २०२६