ड्रायरच्या मोटरचा बारीक आवाज

बाबूजी,

काल मायसाठी वॉशिंग मशीन घेतली. ती बसवून द्यायला दुकानातून जो मिस्त्री आला, तो तुमच्या वेळचा निघाला. तीन-चार वर्षं तुमच्याच बरोबर कामाला होता. आता दाढी पांढरी झाली आहे, मी ओळखलंच नाही, मायनं ओळखलं. त्यानं मशीन सुरू केली आणि मी सवयीनं कान दिला. काहीच नाही. पाणी हलल्याचा आवाज तेवढा. मोटर आत आहे की नाही, तेही कळत नव्हतं. तुम्ही असता तर वर हात ठेवून म्हणाला असता, "हे तं झोपलीच आहे." जाताना तो तुमच्याबद्दल एक वाक्य बोलून गेला. ते खरं नाही. ते खरं नाही हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी ऐकून घेतलं. म्हणून आज शाळेतून आल्यावर हे लिहायला बसले.

तुमचे कान राईस मिलनं नेले. इतकी वर्षं पॉलिशरजवळ उभं राहून आधी बारीक आवाज गेले. मायच्या बांगड्या, सायकलची घंटी, मग मागून मारलेली माझी हाक. जाड आवाज थोडे राहिले, बाकी बोलणं तुम्ही ओठांवरून ओळखायचात. मिल सोडून तुम्ही मोटरचं काम शिकून दुकानात लागलात तेव्हा गोंदियात घरोघरी सेमी ऑटोमॅटिक मशीन येत होत्या, एका बाजूला धुण्याचा ड्रम, दुसऱ्या बाजूला ड्रायर. बहिऱ्या मिस्त्रीला कोण घरात घेणार? म्हणून रविवारी आणि सुट्टीत तुम्ही मला सायकलवर मागे बसवून न्यायचात. लोकांना सांगायचात, "घरी एकटी राहत नाई, म्हून आणली." लोकांना वाटायचं, काय लाडकी पोरगी आहे. ऐकू येत नाही हे तुम्हाला, मला आणि मायला, तिघांनाच पक्कं माहीत होतं.

तुमची पद्धत मला अजून दिसते. तुम्ही चप्पल काढून मशीनसमोर बसता. पत्र्यावर उजवा तळहात ठेवता. मग पेचकसची मूठ दातांत धरता, टोक मोटरच्या अंगाला लावता आणि डोळे मिटता. जाडा आवाज तुम्हाला असा हाडातून कळायचा. बारीक आवाजासाठी मी. "कशी बोलते?" तुम्ही विचारायचात. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "चिं चिं करते." तुम्ही भडकलात. "चिं चिं म्हणजे काय? उंदीर का चिमणी? मी आयकलेलं सांग ना मले!" तुम्ही ऐकलेलं म्हणजे मिलच्या आधीचं. म्हणजे कामठा गावचं, तुमच्या लहानपणचं. ते आवाज मला कुठे ठाऊक होते? त्या दिवाळीत मी तिथे आत्याकडे राहिले ती फक्त आवाज ऐकायला. पायानं धान कांडायची जुनी ढेकी तिनं माझ्यासाठी गोठ्यातून ओढून काढली आणि दम लागेपर्यंत चालवली. वरून म्हणाली, "तुया बाप मोटर बनवते का ढेकी?"

मग आपलं जमलं. तांब्याच्या वायंडिंगची नवी मोटर म्हणजे भरलेल्या तलावाच्या सांडव्यावरून जाणारं पाणी. अ‍ॅल्युमिनियमची असली तर गांधीलमाश्यांचं पोळं, काठी लागायच्या आधीचं. कपॅसिटर कमजोर असला की गाभण म्हैस उठायला बघते, हुंकारते आणि पुन्हा बसते. बुश झिजलेली मोटर म्हणजे खुंटा सुका पडलेली ढेकी. आणि ड्रायरच्या बेअरिंगमध्ये पाणी उतरलं असलं तर मोटर थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत, आत्याच्या विहिरीवरचा बिनतेलाचा रहाट लांबून ऐकू येतो. हा आवाज इतका बारीक की घरच्या बायकांनाही कळायचा नाही. मी "रहाट" म्हटलं की तुम्ही मान हलवून ड्रायर खोलायला घ्यायचात, आणि आत गंज निघाला की माझ्याकडे असे बघायचात की जणू मी मॅट्रिकला पहिली आले आहे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचं सांगते. त्या आठवड्यात कॉलेजच्या शिबिरात मी श्रमप्रतिष्ठेवर भाषण केलं होतं. मनापासून केलं होतं, खोटं नव्हतं त्यात काही. आदल्या दिवशी घरी तुमच्यासमोर म्हणून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आयकू तं आलं नाई बाई, पण तोंड खरं दिसून राहिलं तुयं." रविवारी आपण सिव्हिल लाईनमधल्या एका घरी गेलो. ड्रायर नीट फिरत नाही अशी तक्रार होती. तुम्ही ब्रेकचा पट्टा नीट केलात, मला चाचणीला बसवलंत. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून न्हाणीत उकिडवी, गाल ओल्या पत्र्याला लावलेला. मोटर थांबत आली आणि रहाट ऐकू आला. स्वच्छ ऐकू आला, बाबूजी. तेवढ्यात दारात तीन मुली येऊन उभ्या राहिल्या. घर माझ्या वर्गातल्या मुलीचं होतं, मला माहीत नव्हतं. बाकीच्या दोघी तिच्याकडे अभ्यासाला आलेल्या. त्यातली एक म्हणाली, "अरे, ये तो अपनी भाषणवाली है!" वाईट मनानं नाही म्हणाली. आणि त्याच वेळी तुम्ही, बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्यानं, "काय म्हणते वो? रहाट आहे का?" मुली खुदकन हसल्या. "रहाट?" मी उभी राहिले, सलवार खाली केली आणि तुमच्याकडे न बघता हात हलवून म्हणाले, "नाई. मस्त आहे. चला." तुम्ही झाकण लावून पेच आवळलेत. मी पिशवी न उचलता पुढे निघून आले.

दहा-बारा दिवसांनी ती मोटर जाम होऊन जळली. न्हाणी धुरानं भरली, ड्रायरचं प्लास्टिक वितळलं. त्या घरचे लोक दुकानात येऊन ओरडून गेले. शेठ तुम्हाला म्हणाले, "मिस्त्रीजी, बेअरिंग में पानी उतरा था, आपको पता नहीं चला?" त्या संध्याकाळी तुम्ही चुलीसमोर बसलात, दोन्ही तळहात वर करून. मी भाताची पेज काढत होते. मला वाटलं, आता विचाराल. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तुम्ही विचारलंच नाही. मायला म्हणालात, "पोरीचे कान चांगले आहेत. तिनं मस्त म्हटलं म्हणजे बारीक आवाज नव्हताच. जाडा असन. माया हातानं धरला नाई. हात गेले माये." पेज माझ्या पायावर सांडली. माय ओरडली, तुम्ही उठून पाणी आणलंत आणि माझ्या पायावर ओतत राहिलात.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक मशीनवर दोनदा, तीनदा हात ठेवायला लागलात. पेचकस दातांत धरून बसायचात ते उठायचाच नाहीत. लोक कंटाळायचे. मी "ठीक आहे" म्हटलं तरी तुमचं समाधान होत नसे, कारण शंका माझ्यावर नव्हती, स्वतःवर होती. दोन महिन्यांत काम सोडलंत आणि पुन्हा मिलमध्ये लागलात, या वेळी फाटकावर. मी काय करायला हवं होतं हे मला त्या सगळ्या दिवसांत माहीत होतं.

शेवटच्या वर्षी फिजिक्सच्या सरांनी कंपनं शिकवली. हाताच्या कातडीला संथ कंपन कळतं, फार जलद कंपन कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. तो आवाज तुमच्या हाताला कळणारच नव्हता. कोणाच्याच हाताला कळला नसता. हात चुकला नव्हता, हे आता पुस्तकात होतं. सायकल दामटत घरी आले. तुम्ही जेवत होता. मी समोर बसले, पण हे समजावून सांगायचं तर आधी आवाज होता, असं म्हणावं लागणार होतं. तुम्ही विचारलंत, "काय वो, काऊन धापा टाकून राहिली?" मी म्हणाले, "काही नाई. लोणचं वाढू का?"

मी पास झाले तेव्हा तुम्ही मिलच्या फाटकावर पेढे वाटलेत, आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून. पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. माझ्यामुळे गेलात असं मी म्हणत नाही. पण आपले हात वाया गेले असं समजून गेलात, आणि ते माझ्यामुळे.

काल तो मिस्त्री चहा पिता पिता मायला म्हणाला, "मिस्त्रीजी जैसा कारीगर नहीं देखा. बस, आखिर में हाथ चला गया उनका." माय म्हणाली, "हाव ना भाऊ, हातच गेले होते." कामावर येणाऱ्या नव्या लोकांना तो अजून तुमचं उदाहरण देतो म्हणे, की हाताच्या भरवशावर राहू नका, एवढा मोठा मिस्त्री फसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बिटिया, तू तो साथ में आती थी. उस दिन थी क्या?"

शाळेत मी मुलांना सांगते, प्रयोगात जे दिसलं तेच वहीत लिहा, यायला हवं ते लिहू नका. गुण कापते त्यासाठी. आत्ता माय दोन हात अंतरावर बसून नव्या मशीनचं झाकण पुसते आहे. हे पत्र तिला वाचून दाखवायला हवं, निदान त्या मिस्त्रीला तरी. दाखवणार नाही. वही मिटून ठेवून देईन आणि सकाळी शाळेत जाईन.

त्याला मी म्हणाले, "थी, अंकल. पर मैं छोटी थी, कुछ याद नहीं." लहान नव्हते मी, बाबूजी. एकोणीस पूर्ण झाली होती.