विझलं तर उठवते

यिशुन, सिंगापूर
श्रावण वद्य पंचमी, ऑगस्ट २००६

आणि नसतं तर नसतं, भाऊजी, पण ते असं फोनवर, तोंडात सुपारी ठेवून सांगायचं असतं का? मी शेजारीच उभी होते. तुमच्या भावाच्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमधून मला सगळं ऐकू येत होतं (तुमचा आवाज पहिल्यापासून असाच, पुण्याहून सिंगापूरला बोलायला तुम्हाला फोन लागतोच असं नाही). "अरे, लग्न न झालेल्या मुलीचं कसलं आलंय वर्षश्राद्ध? आपल्यात नसतं." एवढं बोलून तुम्ही लगेच वहिनींच्या गुडघ्यावर आलात. ह्यांनी गुडघा पूर्ण ऐकून घेतला, "बरं, दादा" म्हणाले, फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून एवढंच बोलले, "नसतं म्हणे." त्याच आठवड्यात ते डोंगरावर गेले.

नमस्कार लिहायचा राहिला. तीर्थस्वरूप भाऊजी आणि वहिनी, दोघांना निशिगंधाचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा, राग गेलाय असं मात्र समजू नका. वहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं होतं, ते बांधलं नसणारच. मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे त्याला इलाज नाही, चौथीत शाळा सुटली आणि त्यानंतर मी फक्त किराणा लिहिला. त्यातून खालच्या मजल्यावर कोणी काम काढलंय, टेबल सारखं हलतं. कागदावर करडी धूळ दिसेल ती झटकून टाका. यिशुनला हल्ली बांधकामं फार.

तर डोंगराचं. तुम्ही वहिनींना म्हणालात म्हणे, की श्रीनूचं डोकं फिरलं आणि बायको त्याच्यामागं सहलीला गेली, घरात पोरगी जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. (मला कसं कळलं विचारू नका. वहिनींनी सांगितलं.) भाऊजी, वर्ष पाळायचं ते कोणाचं? श्राद्ध करायची वेळ आली की ती कोणी नव्हे, आणि मी विमानात बसले की लगेच घरात वर्ष! एक काहीतरी धरा.

मैत्रेयीला तुम्ही दोनदा पाहिलंत, एकदा मुंजीत, एकदा लग्नात, दोन्ही वेळा पंगतीत. म्हणून सांगते ती कशी होती. आमच्याशी मराठीत भांडायची आणि भांडण हरायला आलं की इंग्रजीत जायची, शेवटी "आई, cannot लाह!" (लाह हे इथलं शेपूट, सगळ्याला लावतात) म्हणून दार लावून घ्यायची. त्या दाराच्या आतल्या भिंतीवर तिनं जावा बेटावरच्या एका जळत्या डोंगराचा फोटो लावला होता, रात्रीचा. सगळं काळं आणि वर टोकाला लाल. (डोंगराचं नाव मी घेत नाही. सवतीचं नाव कोण घेतं?) मोठी होऊन तिला असले डोंगर शिकायचे होते, ते कधी हलतात, कधी फुटतात. बाप जन्मभर बँकेत आकडे जुळवत बसलेला, त्याला ह्यातलं काय कळणार? पण रोज जेवताना दोघांचं तेच. परीक्षा झाली की दोघांनी तिकडं जाऊन रात्रीचा तो उजेड बघायचा असं ठरलं होतं. मी म्हटलं, विस्तव बघायला विमान कशाला, शेगडी पेटवून देते, बघत बसा. दोघं हसली. मला त्या घरात हसायलाच ठेवली होती.

परीक्षा यायच्या आधी भाद्रपद आला आणि डेंग्यू आला. त्या वर्षी इथं घराघरात ताप होता. माणसं येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासून जात, पाणी साचलंय का बघत. माझ्या तुळशीची ताटली कोरडी होती, भाऊजी. मी रोज पुसत होते. पण डास काय माझ्या ताटलीला विचारून जन्माला येतो?

हॉस्पिटलात आम्ही पाळीपाळीनं बसायचो. शेवटच्या रात्री ह्यांची पाळी होती. पहाटे खुर्चीत त्यांचा डोळा लागला, आणि नर्सनं उठवलं तेव्हा ती गेलेली होती. माणूस चार रात्री जागल्यावर डोळा लागणारच, बैलाचासुद्धा लागतो. मी हे त्यांना शंभर वेळा सांगितलं. ते रडले नाहीत. स्मशानात नाही, तेराव्याला नाही. नोकरी सोडली तेव्हाही फक्त डबा धुऊन कपाटात वर ठेवला. वर्षश्राद्धाचं तेवढं मनात धरून होते. पुण्याला जाऊ, दादा सगळं करतील, असं म्हणायचे. मग तुमचा तो फोन झाला.

तेव्हापासून तुमचा भाऊ त्या डोंगराच्या अंगावर राहतो. तिथं सरकारी चौकी आहे. रात्री डोंगरमाथ्यावर उजेड किती, कमी की जास्त, दगड कुठल्या अंगानं घरंगळले, हे तिथले लोक बघून लिहितात. शिवाय एक यंत्र आहे. कागद गुंडाळलेलं पिंप हळूहळू फिरतं, त्यावर सुई रेघ मारत असते. जमीन हलली की सुई नाचते. चौकीतल्या म्हाताऱ्याला सगळे पाक स्लामेत म्हणतात (पाक म्हणजे आपलं काका). चौकीला लागून त्याचंच घर आहे, त्यातली एक खोली ह्यांनी भाड्यानं घेतली. हे रात्रभर चौकीच्या कट्ट्यावर बसून डोंगराकडे बघतात म्हटल्यावर त्यानं हातात वही दिली. फुकटचा जागल्या कोणाला नको असतो? महिन्याला व्हिसा संपतो, मग हे एका रात्रीपुरते घरी येतात, शर्ट बदलतात, परत जातात. दर वेळी पट्ट्याला नवं भोक. तिसऱ्या भोकाला मी ठरवलं, आता जाऊन कान धरून आणायचं.

आमच्या मजल्यावरची मीनल, चांगीला बँकेत कामाला असते ती, तिनं तिकीट काढून दिलं आणि विमानात बसवून दिलं. मी सिरंगून रोडवरून शेंगदाणे घेतले, लसूण घेतला आणि खलबत्ता घेतला. (हसू नका. दाण्याच्या कुटाशिवाय तुमच्या भावाला घास उतरत नाही आणि मिक्सरमधला कूट त्यांना चालत नाही. हे लाड तुमच्या आईंनी केले, निस्तरते मी.) विमानतळावर लोखंडी बत्ता बघून तिथला पोरगा दचकला. "आंटी, what is this?" मी सांगितलं, नवऱ्यासाठी आहे. त्यानं बत्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो मोठ्या सामानात टाकायला लावला.

पोचले तेव्हा दिवस मावळत होता. डोंगर ढगात, दिसतच नव्हता. म्हटलं, ह्या धुक्यासाठी संसार सोडला? हे कट्ट्यावर बसले होते. मला बघून उठले, बॅग घेतली, "जेवलीस?" म्हणाले आणि परत जाऊन बसले. मी बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं त्या "जेवलीस"नं खाल्लं. मग राग कशावर काढायचा? शेंगदाणे भाजले. चौकीच्या मागं सिमेंटचा एक चौथरा दिसला, चांगला सपाट, घट्ट. तिथं खलबत्ता मांडला आणि अशी कुटायला लागले, अशी कुटायला लागले की तुमचं "नसतं" त्या खलात, डास त्या खलात, डोंगर त्या खलात.

आता मला काय माहीत, की त्या यंत्राचा जमीन ऐकायचा कान त्याच चौथऱ्याखाली पुरलाय? आत सुई थयथय नाचायला लागली. पाक स्लामेत ओरडत बाहेर आला, अंगावर लुंगी, पायात एकच चप्पल, आणि गावाला उठवायचा लाकडी ढोल बडवायला धावला. मला वाटलं बिबट्या आला. म्हणून मी बत्ता उगारून उभी राहिले. त्याला आणखी घाबरायला काय लागतं?

ह्या सगळ्या गोंधळात तुमचे भाऊ आत गेले आणि कागदासमोर उभे राहिले. रेघ बघितली. तीन ठोके, मग एक बारीक ओरखडा. तीन ठोके, एक ओरखडा. मी तसंच कुटते, तीनदा आपटायचं आणि एकदा कडेचं घासून मध्ये आणायचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आतल्या खोलीत पेपर वाचत ते ऐकलंय. बाहेर येऊन त्यांनी पाकचा हात धरला. "थांबा, पाक, थांबा. डोंगर नाही. बायको आहे."

आणि हसायला लागले. हसत हसत चौथऱ्यावर बसले, खलबत्त्याला धरून बसले, आणि मग मला कळलं की ते हसत नाहीयेत. वर्षभराचं एकदम आलं, भाऊजी. पाक शहाणा माणूस, तो आत निघून गेला. मी खलातला कूट वाटीत काढला. मग त्यांनी कूट घालून दोन वाट्या भात खाल्ला. पाकनंही खाल्ला, त्याला आता रोज लागतो. आता कुटायच्या आधी मी त्याला हाक मारून सांगते, मग तो कागदावर खूण करून ठेवतो.

त्या रात्री ढग निघाले. चुलीतला निखारा फुंकला की कसा होतो, तसं वर टोकाला कमी-जास्त होत होतं. मधेच एखादा लाल दगड सुटायचा, उड्या मारत खाली यायचा आणि अर्ध्या वाटेत काळा व्हायचा. तिच्या भिंतीवरचंच ते. पण फोटोत ते हलत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, बघितलं ना, आता चला. तर म्हणाले, "मी डोळा मिटला आणि विझलं तर?" डोंगर काही कोणाचा कोणी नाही, त्याच्याकडे बघा नाहीतर बघू नका. पण मी एवढंच म्हटलं, तुम्ही आत पडा. मी बसते. विझलं तर उठवते.

ते आत गेले आणि लहान पोरासारखे झोपले. घोरणं कट्ट्यापर्यंत येत होतं, सुईवर कसं उमटलं नाही देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना, चला म्हटलं, ते नाही म्हणाले, आणि मी सरळ निघून घरी आले. संपलं. मी काही कोणाच्या पाया पडत बसणारी नाही. त्यांना तिथं बसायचं तर बसू देत. मला सिंगापुरात काही कमी नाही, मीनल आहे, देऊळ आहे, चोवीस तास उघडं दुकान आहे. तुमच्याकडूनही काही नको. तुम्ही काय बोललात ते कळावं एवढ्यासाठीच हे पत्र.

वहिनींच्या गुडघ्याला पान बांधा. लहानांना आशीर्वाद, असतील तिथं.

तुमची,
निशिगंधा

ता. क. यंदा गणपती बसवणार आहात का? नुसतं विचारते. बसवलात तर ती तुमच्या घरातली नव्हती हे मला समजेल, आणि पुन्हा विचारणार नाही.

ता. क. दुसरा. तिची तिथी भाद्रपद वद्य पंचमी. इथल्या देवळातल्या गुरुजींना मी गेल्याच महिन्यात विचारलं, ते म्हणाले बापानं करावं, काही अडत नाही. म्हणजे शास्त्राचं काही नाही, तुमचंच आहे. पण नुसतं गुरुजींचं म्हणणं ह्यांना पुरत नाही. ह्यांना दादा म्हणायला हवेत. तुम्ही म्हणालात म्हणून कॉमर्सला गेले, तुम्ही म्हणालात म्हणून बँकेत लागले, तुम्ही म्हणालात म्हणून मला केली. एवढं सगळं म्हणालात, आता आणखी एक म्हणा. "श्रीनू, मैत्रेयीचं वर्ष आहे, करायचं आहे, मी येतोय, तूही घरी ये." नाव घेऊन म्हणा. ती गेल्यापासून तुमच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलेलं नाही.

ता. क. तिसरा. वर यिशुन लिहिलंय ते खोटं आहे. पाकिटावरचं तिकीट वहिनींनी बघितलं असेलच, तुम्ही नसेल बघितलं. मी आलेच नाही परत. तुळशीला मीनल पाणी घालते. खाली कोणी काम काढलेलं नाही आणि कागदावरची धूळ बांधकामाची नाही. टेबल हलतं ते डोंगरामुळं. खालच्या गावातली म्हातारी माणसं परवा ट्रकमधून हलवली, पाक म्हणतो आपलीही पाळी येईल, मी सांगेन तेव्हा उठायचं. पण पाकनं सांगून हे उठायचे नाहीत. आणि हे उठले नाहीत तर मी कशी उठू?

चौकीचा फोन नंबर मागं लिहिलाय. अनंत चतुर्दशीच्या आत फोन करा. रात्रीच करा, मी जागी असते. ते आत झोपलेत. विझलं तर उठवते असं सांगून बसलेय आणि डोंगर विझायला तयार नाही. तुमचा फोन आला तर मात्र उठवीन.